रिकामी पन्नी

मे महिन्यातला रविवार. संध्याकाळचे सात वाजून गेले तरी हनुमाननगरच्या गल्लीतून तव्यावरून उठावी तशी झळ उठत होती. ताईकडे जेवायला गेलो होतो. कूलरच्या टाकीत पाणी भरून झालं, आंब्याचा रस काढून झाला, कुरडया तळून झाल्या, तरी भाऊजींचा पत्ता नाही. "पाह्य बरं जरा कोपऱ्यावर," ताई म्हणाली. आवाजात काळजी होती की राग, ते तिचं तिलाही ठाऊक नसावं. कोपऱ्यावर पानठेला आहे. ठेल्यामागच्या कडुलिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे, त्यावर भाऊजी पाठमोरे बसले होते आणि त्यांचे दोन्ही तळहात एकमेकांवर फिरत होते. चर्र-चर्र, चर्र-चर्र. हा आवाज कशाचा, ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीत सोडला होता त्यांनी खर्रा, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून बोटं घालून पाहिली होती. उभी तीन जायला पाहिजेत, दोनच जात होती आणि तीही दाटून. मी तरातरा पुढे जाऊन उभा राहिलो. ते दचकले, हात थांबले, आणि वर्गात पकडलेल्या पोरासारखी त्यांनी मूठ उघडली. मुठीत पन्नी होती. पन्नीत काही नव्हतं. सुपारीचा एक कापसुद्धा नाही. धुऊन घेतल्यासारखी स्वच्छ, घडी घातलेली, घोटून घोटून मऊ पडलेली रिकामी पन्नी.

"काही नाही बे," ते म्हणाले. "हाताले सवय हाये."

घरी आलो, जेवलो. ताईला मी काही बोललो नाही. भाऊजींनी रसाची वाटी तोंडाला लावून प्यायली, कारण मोठा चमचा आता नीट आत जात नाही. आता कुणी म्हणेल, त्यात एवढं काय? जप करणाऱ्याची बोटंही माळ नसताना हलतातच की. खरंय. पण त्या पन्नीनं मला कशाची तरी आठवण करून दिली होती आणि ती नेमकी कशाची हे काही केल्या जुळेना. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी दुकानात, दुपारी अडीचच्या सुमाराला, जेव्हा प्रतापनगरच्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही आणि मी औषधांच्या खोक्यांना टेकून पेंगत असतो, तेव्हा एकदम लागलं. उंदीर आणि दिवा.

माझं औषधांचं दुकान आहे हे खरं, पण एके काळी मी उंदरांना सुया टोचत असे. १९९७-९८ साली एम.फार्म. करत होतो, विषय औषधशास्त्र, आणि माझ्या वाट्याला निकोटिन आलं होतं. आमचं ॲनिमल हाउस म्हणजे सायकल स्टँडच्या मागची एक लांबोडकी खोली. आत शिरलं की धानाचा ओला कोंडा, लघवीतला अमोनिया आणि पेलेटच्या खाद्याचा कोंदट गोडसर दर्प, असा तिन्ही मिळून एक वास नाकात जायचा, तो अंघोळ केली तरी संध्याकाळपर्यंत बाहीला राहायचा. पांढरे विस्टार उंदीर, लाल डोळे, एका पिंजऱ्यात सहा. ओळख पटावी म्हणून पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका: डोक्यावर तो पहिला, मानेवर तो दुसरा, असं करत शेपटीच्या मुळापर्यंत पाच, आणि ज्याला कुठेच ठिपका नाही तो सहावा. त्यांना शेपटीच्या टोकाशी धरायचं नाही, मुळाशी धरायचं, पाठीवर तळवा ठेवायचा, मग ते शांत होतात. हाताखाली इवलंसं काळीज टकटक करत असतं. ती टकटक मला आजही तळहातात आठवते. सहाव्याची जरा जास्तच, का कोण जाणे.

काम साधं होतं. किलोमागे ०.४ मिलिग्रॅम या हिशोबानं निकोटिन कातडीखाली टोचायचं आणि उंदीर ॲक्टोफोटोमीटर नावाच्या पेटीत सोडायचा. पेटीत प्रकाशाचे किरण आडवे सोडलेले असतात. उंदीर इकडून तिकडे गेला की किरण तुटतो आणि बाहेरचा आकडा एकनं पुढे सरकतो. पहिल्या दिवशी सुई दिली की उंदीर गपगार. पोट जमिनीला टेकवून, पाय फाकवून पडून राहायचा, आकडा हलायचाच नाही. दुसऱ्या दिवशी थोडा हले. पाचव्या-सहाव्या दिवशी तोच उंदीर, तेवढाच डोस, आणि पेटीत नुसती धावपळ, आकडा थांबेना. आमचे अटेंडंट, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणत असे, ते खिडकीशी उभे राहून हे रोज बघायचे. मामांच्या गालात चोवीस तास खर्रा. आत थुंकायची बंदी म्हणून ते खिडकीच्या बाहेर एक पत्र्याचा डबा ठेवायचे. पहिल्या दिवशीचा लोळागोळा उंदीर पाहून ते म्हणाले होते, "पहिला खर्रा असाच लागते, भाऊ. माणूस आडवा." आणि सहाव्या दिवशी आकडे धडाधड पळताना पाहून म्हणाले, "झाला तयार. आता ठेला शोधते हा." सहनशीलता आणि संवेदीकरण या दोन शब्दांसाठी मी प्रबंधात अकरा पानं खर्च केली आहेत. मामांनी दोन वाक्यांत आटपलं.

प्रयोग संपला की उंदीर मारायचे असत. पण मारायचे असं कुणी म्हणत नसे. सॅक्रिफाइस करायचे. "आज तिसरा ग्रुप सॅक्रिफाइस आहे," असं आम्ही चहा पिताना बोलायचो. माझ्या प्रबंधात एकही उंदीर मेलेला नाही, सगळे सॅक्रिफाइस झालेले आहेत. कुणापुढे, ते वाक्यात कधी येत नसे. आदल्या रात्री मामा त्यांना गूळ आणि शेंगदाणे द्यायचे. ते नियमात बसत नव्हतं, खाण्यात बदल म्हणजे प्रयोगात बदल. मी एकदा कुलूप लावायला गेलो तेव्हा पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. माझ्या प्रबंधातल्या शेवटच्या दिवसाच्या वजनांमध्ये त्या गुळाचे दोन-चार ग्रॅम आहेत, हे आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहितो आहे.

तर दिवा. आमच्या पेटीत उंदराला सुई मी द्यायचो, त्याला कुणी विचारत नव्हतं. खरा प्रश्न वेगळा असतो: उंदराच्या हातात दिलं तर तो स्वतःहून घेईल का? बरीच वर्षं हे भरवशानं दाखवता येत नव्हतं. १९८९ साली टोरांटोत कोरिगॉल आणि कोएन या दोघांनी ते दाखवलं. उंदराच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवलेली, समोर एक दांडी. दांडी दाबली की किलोमागे ३० मायक्रोग्रॅम निकोटिन थेट रक्तात. तीनशे ग्रॅमचा उंदीर धरला तर ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. आणि उंदीर दांडी दाबत राहिले. या निबंधाची झेरॉक्स आमच्या वाचनालयातून काढून मी जपून ठेवली होती, कडा पिवळ्या पडल्या तरी. प्रबंध बांधून झाला, पदवी मिळाली, दुकान टाकलं, पण या विषयाचं वाचायची खोड काही सुटली नाही. आमच्या घरी कुणी क्रिकेट बघतं, मी हे वाचतो.

अशा प्रयोगांत दांडी दाबली की औषधाबरोबर एक लहानसा दिवाही लागतो. उंदराला कळावं, की मिळालं बरं का. दिवा म्हणजे नुसती पोच. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या कॅजिउला, डॉनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ च्या सुमाराला या पोचपावतीकडेच नीट पाहिलं. निकोटिन आहे आणि दिवा आहे, तर उंदीर जोरात दाबतो. निकोटिन काढून घेतलं तर दाबणं घसरतं, ते तर कुणीही सांगेल. पण निकोटिन तसंच ठेवून नुसता दिवा काढला, तरीही तेवढंच घसरलं. औषध रक्तात जातंय, पण दिवा नाही, तर उंदराचा जीव रमेना. पुढे २००३ मध्ये याहून विलक्षण गोष्ट निघाली. दांडी दाबल्यावर फक्त दिवा, औषध नाही. निकोटिन वेगळं, दांडीशी संबंध न ठेवता आपोआप दिलेलं. आणि उंदीर त्या भिकार दिव्यासाठी नुसत्या सलाइनवरच्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त दांडी दाबत राहिले. म्हणजे निकोटिन स्वतः फार मोठी मजा देतं असं नाही. ते शेजारच्या गोष्टीला सोन्याचा मुलामा चढवतं. दिव्याला. धुराच्या वासाला. कडुलिंबाखालच्या सिमेंटच्या बाकाला. चर्र-चर्र आवाजाला.

भाऊजींच्या हातातली पन्नी म्हणजे तो दिवा होता.

हे सगळं संशोधन चाललं होतं ते एका मोठ्या प्रश्नाच्या पोटात. १९९४ साली बेनोविट्झ आणि हेनिंगफील्ड या दोघांनी एक कल्पना मांडली. सिगारेट बंद करा म्हणून लोक ऐकत नाहीत, तर सिगारेटमधलं निकोटिनच इतकं खाली आणा की नवीन पोरगा ओढेल, खोकेल, पण अडकणार नाही. दिवसाला पाचेक मिलिग्रॅमच्या खाली व्यसन टिकत नसावं, असा त्यांचा अंदाज. तोवर लोकांना लाइट सिगारेटचा धडा मिळालेला होताच. त्यांच्या फिल्टरला बारीक भोकं असत, यंत्रावर मोजलं की निकोटिन कमी भरे. माणूस मात्र ती भोकं बोटांनी दाबून, झुरके लांब करून आपलं माप वसूल करायचा. तंबाखूत निकोटिन होतं तेवढंच होतं. त्यामुळे पानातूनच काढलं तर काय होईल, लोक दुप्पट ओढतील का, की सोडून देतील, हे आधी कुणावर तरी पाहावं लागणार होतं. पाहिलं उंदरांवर. डोस पायरीपायरीनं उतरवला. खूप खाली गेल्यावर बहुतेकांनी दांडी दाबणं कमी केलं, पण सगळ्यांनी एकाच पायरीवर नाही. कुणी लवकर सोडलं, कुणी शेवटपर्यंत चिकटून राहिला. (सहावा असणार, ठिपका नसलेला. माझं आपलं मन.) मग माणसांची पाळी आली. २०१५ मध्ये याच डॉनींनी ८४० लोकांवरचा प्रयोग छापला. सोडायचा विचारही नसलेले, रोज ओढणारे लोक. कुणाला ग्रॅममागे १५.८ मिलिग्रॅम निकोटिनची सिगारेट, कुणाला उतरत उतरत ०.४ ची. सहा आठवड्यांनी नेहमीच्या सिगारेटवाले दिवसाला २१-२२ ओढत होते, आणि २.४ किंवा त्याखालची मिळालेले १५-१६. कमी झाली, पण थांबली नाही हेही लक्षात घ्या. पंधरा सिगारेटी. ज्यात जवळजवळ काही नाही अशा.

पंधरा रिकाम्या पन्न्या.

पुढचं सगळं कागदावरचं आहे. न्यूझीलंडनं २०२२ मध्ये ग्रॅममागे ०.८ चा कायदा केला आणि तो लागू व्हायच्या आत, २०२४ च्या सुरुवातीला, नव्या सरकारनं मोडीत काढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००९ च्या कायद्यानं निकोटिन कमी करायचा अधिकार दिला आहे, शून्य करायचा नाही. त्यांनी २०२५ च्या जानेवारीत ०.७ चा प्रस्ताव मांडला. तोही जाळून ओढायच्या तंबाखूपुरता. चघळायच्या तंबाखूचं त्यात नाव नाही. आणि आमच्याकडे? २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के, आणि चघळणारे, मळणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे त्या उंदरांनी दिलेलं उत्तर ज्या प्रश्नाचं आहे, तो प्रश्न आमच्या कोपऱ्यावर येतच नाही. आमच्या कोपऱ्यावर ग्रॅम नाही, मिलिग्रॅम नाही. चिमूट आहे. माप म्हणजे ठेलेवाल्याची तीन बोटं. खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे हे मला माहीत आहे, ठेलेवाल्याला माहीत आहे आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाही माहीत आहे. यापलीकडे त्या बंदीविषयी सांगण्यासारखं काही नाही.

निकोटिन कमी करायचा प्रयोग भाऊजींनीही करून पाहिला होता, डॉक्टरांच्या आधीच. ताईच्या कटकटीनं ते वर्षभर "तंबाखू कमी टाक" असं सांगून खर्रा घोटून घेत. मी दोनदा बाजूला उभा राहून पाहिलं आहे. ठेलेवाला चौकोनी पन्नी पसरतो, भाजक्या सुपारीचे काप टाकतो, डब्यातून तंबाखूची चिमूट घेतो, भाऊजींकडे बघतो, चिमटीतली अर्धी परत डब्यात सोडतो. मग चुन्याच्या डबीत काडी बुडवतो. इथे भाऊजी हळूच म्हणायचे, "चुना लाव बरोबर." पन्नीची घडी पडते, तळहात फिरू लागतात, आतला ढीग आधी पांढरट, मग पिवळट, मग ओलसर तपकिरी होत जातो आणि चुन्याचा तो आंबूस उग्र वास येतो, ज्यानं न खाणाऱ्याच्याही तोंडाला पाणी सुटतं. चुना लाव बरोबर! औषधशास्त्राचं एक आख्खं प्रकरण आहे या तीन शब्दांत. निकोटिन अल्कधर्मी जागेत मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून सरळ रक्तात उतरतं. तंबाखू अर्धी करून चुना वाढवला की हिशोब बऱ्यापैकी जागेवर येतो. फिल्टरची भोकं दाबणारा अमेरिकन आणि चुना वाढवणारे आमचे भाऊजी, दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

मी दुकानात निकोटिनचं च्युइंगम विकतो, दोन मिलिग्रॅमचं, त्याला चिठ्ठी लागत नाही. त्यातही तोच डाव: त्यात क्षार घातलेले असतात, चुन्याचं काम करायला. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कोल्ड्रिंक नाही, आणि बकाबका चावायचं नाही. दोन-चारदा चावलं की गालात दाबून ठेवायचं. हे सांगताना समोरचा हसतो. गालात दाबून ठेवणं त्याला शिकवायची गरज नसते. एक गिऱ्हाईक आहे, रिक्षावाला, तीन वर्षं झाली त्याला च्युइंगमवर. खर्रा सुटला. च्युइंगमची पट्टी संपली की मात्र त्याचे डोळे तसेच होतात. मी त्याला देतो. खर्ऱ्यापेक्षा हजारपट बरं, हे खरंच आहे, आणि गल्ल्यात पैसे पडतात, हेही खरंच आहे.

भाऊजींच्या तोंडाची गत झाली ती तर निकोटिननं झालीच नाही. ती सुपारीनं केली. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सांगून वीस वर्षं उलटली. गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी कडक करून जबडा आवळते तीही तीच. आधी तिखट झोंबायला लागलं. तर्री-पोह्यांवरची तर्री बंद झाली. मग सावजीकडे जाणं बंद झालं, आणि आमच्या घरात हे खरं तर तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, कारण भाऊजी आणि सावजी मटण नाही म्हणतील, हे शक्यच नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. निकोटिनवर प्रबंध लिहिलेला माणूस घरात होता. पण ते म्हणाले, "वय झालं बे, सोसत नाही," आणि मी मान डोलावली. निकोटिननं एवढंच केलं, की रोज सहा वेळा त्यांचा हात धरून त्यांना सुपारीपर्यंत नेलं.

आमच्या आजोबांच्या वावरात, काटोलकडे, तंबाखूचा वेगळाच उपयोग होता. कपाशीवर मावा पडला की आजोबा तंबाखूच्या काड्या रात्रभर उकळून काढा करायचे, त्यात साबणाचं पाणी घालायचे आणि फवारायचे. पानांच्या पाठीला चिकटलेला तो हिरवट बारीक मावा सकाळी वाळून गेलेला असायचा. झाडानं निकोटिन बनवलं तेच मुळी अशा किडींसाठी. मुळांत तयार करतं, पानांत साठवतं. पुण्याकडे गेलो की पाट्यांवर 'मावा' वाचून मला दर वेळी हसू येतं. आपण खर्रा म्हणतो त्याच्या भावाला ते मावा म्हणतात. ज्यानं मावा मरतो त्याचाच मावा. आजोबा काढा फवारताना नाकाला उपरणं बांधायचे आणि फवारून झालं की हात धुऊन, बांधावर बसून, तंबाखू मळायचे.

माकडांविषयी लिहू की नको, ठरत नव्हतं. २०१७ मध्ये बातमी आली होती, की अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत स्क्विरल माकडांवर निकोटिनच्या व्यसनाचा प्रयोग चालू आहे. किलोभराच्या आसपासची चिमुकली माकडं. दांडी, नळी, निकोटिन, सगळं तेच. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी अन्न व औषध प्रशासनाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, आरडाओरडा झाला, चार माकडं मेल्याचं बाहेर आलं, आणि २०१८ च्या जानेवारीत प्रयोग कायमचा बंद झाला. उरलेली २६ माकडं फ्लोरिडातल्या एका अभयारण्यात पाठवली. वाचून मला बरं वाटलं. मनापासून. आणि लगेच आपल्याच बरं वाटण्याची लाज वाटली, कारण उंदरांसाठी कुणी पत्र लिहिलं नव्हतं, आणि मीही लिहिलं नसतं. माकडाचा चेहरा आपल्यासारखा असतो, एवढाच काय तो फरक. दिव्याची गोष्ट उंदरांनी सांगितली. माणसावर ती तशी करून पाहताच आली नसती. माणसाच्या आयुष्यातला एक-एक दिवा वेगळा काढून कसा बघणार? आता ती गोष्ट कळली आहे, छापली आहे, आणि नागपुरात तिचा उपयोग काय, तर एका औषधवाल्याला आपल्या भाऊजींच्या मुठीतली पन्नी समजली. एवढ्यासाठी ते सगळे पिवळे ठिपके? मला उत्तर येत नाही. काही दिवस वाटतं हो, काही दिवस वाटतं छे.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर परत ताईकडे गेलो. भाऊजी बाकावरच होते. या वेळी त्यांनी मूठ लपवली नाही. मीही बसलो शेजारी. ओल्या मातीच्या वासात चुन्याचा वास मिसळला होता, ठेल्यावर दोन पोरं उभी होती, कॉलेजातली असावीत, घोटून व्हायची वाट पाहत. मी भाऊजींना उंदरांचं सांगितलं. दांडीचं, दिव्याचं. भाऊजी वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"दांडी दाबली का लाइट लागते," ते म्हणाले. "त्याच्यात काय हाये? आमी जिंदगीभर तेच केलं."

मग जरा वेळानं, "दवाई बंद केली आनं लाइट चालू ठेवली तं?"

"कमी दाबतात. पण एकदम नाही सोडत."

"हं." पन्नी चर्र-चर्र करत राहिली. "आनं मंग त्याइचं काय झालं? उंदरांचं."

मी सॅक्रिफाइस म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. "मारले," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. तिकडे पोरांचा खर्रा बांधून झाला होता, रबर लावताना टच्‌ असा आवाज आला आणि भाऊजींची मान आपोआप तिकडे वळली. मग त्यांनी आपली पन्नी उलगडून पाहिली. मधोमध विरली होती, घडीवर भोक पडलं होतं, त्यातून त्यांचं बोट आरपार गेलं. ते उठून ठेल्याशी गेले. ठेलेवाल्यानं त्यांना पाहताच नेहमीच्या हातानं गठ्ठ्यातली एक पन्नी ओढली, फळीवर पसरली, आणि दुसरा हात सुपारीच्या डब्याकडे नेला.

"नाही," भाऊजी म्हणाले. "कोरीच दे."